संचय आणि व्यय : एका घरातील तीन पिढ्या
(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण झाली म्हणजे पन्नास वर्षांचा जमाखर्च समाजापुढे मांडला जातो. संस्थेचा जमाखर्च लेखापरीक्षक तपासतो. कुटुंबाचा जमाखर्च मात्र बहुधा जेवणाच्या पंक्तीला तपासला जातो, आणि तोही एकमेकांवर दोषारोप करीत. ज्येष्ठांच्या मते नवी पिढी उधळी आहे. तरुणांच्या मते जुन्या पिढीला पैसा मिळवता आला, पण भोगता आला नाही. दोन्ही पक्ष ही स्वभावाची गोष्ट मानतात. वस्तुतः तो स्वभावाचा भाग थोडा आणि काळाचा भाग फार मोठा आहे. माणूस वयाच्या विसाव्या-पंचविसाव्या वर्षी कशाची भीती अनुभवतो आणि त्या वेळी पैसा ठेवण्यासाठी त्याच्यापुढे कोणती जागा असते, यावर त्याची पुढील चाळीस वर्षांची हातातील मूठ किती घट्ट राहणार हे पुष्कळसे ठरते.

सांगलीची हळदपेठ सर्वपरिचित आहे. शहरालगतच्या हरिपूर येथे जमिनीत खोल खणलेल्या पेवांमध्ये हळद साठविण्याची पद्धत अनेक पिढ्या चालत आली. पेवाचे तोंड बंद केले की आतील प्राणवायू संपतो, कीड जगत नाही आणि हळद दीर्घकाळ टिकते. हंगामात भाव पडलेला असताना माल न विकता तो पेवात उतरवायचा आणि योग्य भावाची वाट पाहायची, हीच तेथील व्यापाऱ्याची बचत होती. तिला ना पासबुक होते, ना व्याजाचा दर. पुढे २००५ साली कृष्णेला महापूर आला, पेवांत पाणी शिरले, हळद नासली आणि पुष्कळ पेवे कायमची निकामी झाली. ज्यांच्या घरात चार पिढ्या पेवावर विश्वास होता, त्या घरातील तरुणांनी त्या एका पावसाळ्यात वेगळाच धडा घेतला. जमिनीखाली ठेवलेले धन सुरक्षित असते, हे वाक्य त्यांना पुन्हा कोणी पटवून देऊ शकले नाही.

याच पेठेतील एक घर कल्पावे. आजोबांचा जन्म १९३० च्या सुमाराचा, अडतीचे दुकान. मुलाचा जन्म १९५५ च्या सुमाराचा, शासकीय नोकरी. नातवाचा जन्म १९८७ च्या आसपासचा, पुण्यात संगणक कंपनीत अभियंता. नातवाने वयाच्या एकतिसाव्या वर्षी सदनिका घेतली आणि तो पेढे घेऊन गावी आला. आजोबांनी पेढा हातात घेतला आणि विचारले, “किती वर्षांचं कर्ज?” नातू म्हणाला, “वीस वर्षांचं, आप्पा.” आजोबांनी पेढा परत डब्यात ठेवला. त्या घरात पुढे दोन दिवस कोणी फारसे बोलले नाही. असे प्रसंग अनेक घरांत घडले आहेत. तपशील तेवढा बदलतो.

पेढा परत ठेवणारा तो हात समजून घ्यायचा असेल, तर त्या हाताने काय काय पाहिले होते ते पाहावे लागते. आजोबांचे बालपण दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील शिधावाटपात गेले. ऐन कर्तेपणी १९६५-६६ ची धान्यटंचाई आली. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी देशवासीयांना आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले ते याच काळात. त्यानंतर १९७२ चा दुष्काळ आला. या पिढीला एक गोष्ट कळली : खिशात पैसा असूनही वस्तू मिळत नाही, असे दिवस येऊ शकतात. म्हणून त्यांची बचत प्रथम धान्याच्या कणगीत, मग सोन्यात आणि सर्वांत शेवटी कागदावर असे.

सोन्याच्या बाबतीत शासनाने या पिढीची परीक्षाच पाहिली. अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्या कारकीर्दीत १९६३ साली सुवर्ण नियंत्रण आले आणि १४ कॅरेटपेक्षा अधिक शुद्धतेचे दागिने घडविण्यास बंदी झाली. सुवर्णकारांची कुटुंबे अक्षरशः रस्त्यावर आली. १९६८ साली त्याचा स्वतंत्र कायदा झाला आणि तो १९९० साली रद्द झाला. या सत्तावीस वर्षांत घरातील स्त्रियांची सोन्यावरील श्रद्धा तसूभरही ढळली नाही. सोने हा त्यांच्या दृष्टीने अलंकार कमी आणि आपत्तीचा आधार अधिक होता. सातारच्या वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, अगदी मंगळसूत्रदेखील, मोडले. असे सोने साठविणाऱ्यांना कृपण म्हणणे कठीण आहे. तो संचय खर्च होण्यासाठीच होता. फक्त खर्चाचे कारण तितके मोठे असावे लागे.

रोजच्या बचतीसाठी या पेठेत आणखी एक साधन होते, ते म्हणजे पिग्मी. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ साली सुरू केलेली ही कल्पना दक्षिण महाराष्ट्रात इतकी रुजली की ती बँक २०२० साली कॅनरा बँकेत विलीन झाली, तरी ‘पिग्मी’ हा शब्द पतसंस्थांच्या व्यवहारात मराठी होऊन राहिला. आरंभी दिवसाला दोन आणे. संध्याकाळी गल्ला मोजताना पिग्मीवाला दुकानाच्या पायरीशी उभा असे. दुकानदार त्याच्या हातात पैसे देई ते काही अंशी बचतीच्या इच्छेने आणि काही अंशी तो समोर उभा आहे या संकोचाने. बचत ही पुष्कळदा मनोनिग्रहापेक्षा दारात येणाऱ्या माणसावर अवलंबून असते, हे त्या योजनेच्या जनकांनी ओळखले होते.

येथे एक अप्रिय गोष्टही नमूद केली पाहिजे. जुन्या पिढीच्या काटकसरीचे श्रेय सर्वस्वी तिच्या सद्गुणांना देता येत नाही. त्या काळी खर्च करावा असे ठरविले तरी बाजारात होते काय? स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. दूरध्वनीचा अर्ज बापाने करावा आणि जोडणी मुलाला मिळावी, असा विनोद त्या काळी प्रचलित होता आणि तो फारसा अतिशयोक्त नव्हता. शिवाय १९७४ साली, भाववाढीने वीस टक्क्यांची सीमा ओलांडल्यावर, केंद्र शासनाने प्राप्तिकरदात्यांसाठी सक्तीची ठेव योजना कायद्यानेच आणली. ज्या समाजात उपभोग्य वस्तू दुर्मीळ आणि बचत सक्तीची, त्या समाजातील माणूस काटकसरी असणारच. परवाना पद्धतीने घडविलेला काही संयम नंतर संस्काराच्या खाती जमा झाला, एवढे मान्य केले तर घरातील संवाद पुष्कळ सुकर होईल.

मुलाच्या पिढीची गोष्ट निराळी. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. त्याने नोकरीला लागल्यावर पेव पाहिले नाही, कणगी पाहिली नाही. त्याने पोस्ट पाहिले आणि बँक पाहिली. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीवर १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत बारा टक्के व्याज मिळत होते. १९८८ साली किसान विकासपत्र आले. साडेपाच वर्षांत दामदुप्पट. शेजारच्या अल्पबचत एजंट बाई महिन्याच्या एक तारखेला घरी येत, चहा घेत, आणि आवर्ती ठेवीचे पैसे घेऊन जात. या पिढीची श्रद्धा कागदावर बसली. कागदावर राजमुद्रा असली की प्रश्न संपला. निवृत्तीनंतर पेन्शन होतेच. घर बांधायचे ते भविष्यनिर्वाह निधी हाती आल्यावर, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. कर्ज काढून घर घेण्याची सोय करणारी एचडीएफसी ही संस्था १९७७ सालीच स्थापन झाली होती, परंतु मध्यमवर्गीयांच्या मनात कर्ज या शब्दाला सावकाराच्या ओसरीचा वास होता तो पुढेही बराच काळ टिकला.

या पिढीचे एक आवडते वाक्य आहे : “आमच्या वेळी पैसा पाच वर्षांत दुप्पट होत असे.” हिशेब तपासून पाहण्यासारखा आहे. साडेपाच वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला सुमारे साडेतेरा टक्के. परंतु १९९१ साली ग्राहक भाववाढच तेरा टक्क्यांच्या वर गेली होती. म्हणजे त्या वर्षापुरते पाहिले तर पैसा वाढला तो आकड्यात. बाजारात त्या पैशाने घेता येणारी वस्तू जवळजवळ तेवढीच राहिली. २०२३ साली तेच किसान विकासपत्र ११५ महिन्यांत, म्हणजे साडेनऊ वर्षांहून अधिक काळात दुप्पट होऊ लागले; दर साडेसात टक्के, आणि त्या वर्षीची भाववाढ सहा टक्क्यांच्या आत. खरा लाभ पाहता नातवाचा हा कागद वडिलांच्या १९९१ मधील कागदापेक्षा वाईट नव्हता. पण दामदुप्पट या शब्दात जी मोहिनी होती ती साडेनऊ वर्षांत नाही, आणि माणूस बचत करतो ती मोहिनीसाठीही करतो. वडिलांना दुप्पट झालेला आकडा आठवतो, दुप्पट झालेल्या साखरेचा भाव आठवत नाही.

आता नातू. त्याच्या जन्मानंतर चार वर्षांनी उदारीकरण आले. टंचाई हा शब्द त्याला पुस्तकात भेटला. वस्तू मिळेल की नाही ही त्याची भीती नाही. नोकरी टिकेल की नाही ही त्याची भीती आहे. केंद्र शासनाने २००४ पासून आणि महाराष्ट्र शासनाने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या नियुक्त कर्मचाऱ्यांसाठी जुन्या पेन्शनऐवजी अंशदायी योजना आणली. खासगी कंपनीत तर वडिलांसारख्या पेन्शनची आशाच नव्हती. भविष्यनिर्वाह निधीवरील बारा टक्के एप्रिल २०२० मध्ये ७.१ टक्क्यांवर आले. अशा परिस्थितीत तो पोस्टाकडे पाठ फिरवून म्युच्युअल फंडाच्या मासिक गुंतवणुकीकडे वळला, तर त्यात बेपर्वाई किती आणि हिशेब किती? ऑक्टोबर २०२४ मध्ये देशभरातून एसआयपीच्या मार्गाने एका महिन्यात पंचवीस हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम जमा झाली. पिग्मीवाला पायरीशी येत नाही. बँकेतून पैसे आपोआप वळते होतात. संकोचाची जागा यंत्राने घेतली, तत्त्व तेच राहिले.

मात्र खर्चाच्या बाबतीतही यंत्राने तेच केले, आणि येथे ज्येष्ठांची चिंता अनाठायी नाही. २०१६ साली यूपीआय आल्यापासून पैसा हातातून जाताना दिसेनासा झाला. शंभराची नोट मोडताना आजोबांचा हात क्षणभर थांबत असे. तो क्षणच आता उरला नाही. भ्रमणध्वनी, पर्यटन, लग्नातील छायाचित्रण, सारे हप्त्यांवर मिळते. रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत २०२०-२१ या महामारीच्या वर्षी राष्ट्रीय उत्पन्नाच्या अकरा टक्क्यांच्या वर होती. ती २०२२-२३ मध्ये सुमारे पाच टक्क्यांवर आली. हा आकडा वृत्तपत्रांत आला तेव्हा अनेक घरांत वडिलांनी तो मोठ्याने वाचून दाखविला असेल. परंतु निव्वळ बचत म्हणजे ठेवींतून नवी कर्जे वजा करून उरलेली रक्कम. घरासाठी काढलेले कर्ज तेथे वजा होते आणि घर मात्र दुसऱ्या सदरात, स्थावर बचतीत, मोजले जाते. नातवाचा हप्ता आजोबांच्या वहीत नावे पडतो. वीस वर्षांनंतर त्याच हप्त्यांची सदनिका जमेला येते. दोघेही आपापल्या वहीप्रमाणे खरे बोलत असतात. भ्रमणध्वनीच्या हप्त्याला मात्र कोणत्याही वहीत जमेची बाजू नाही, आणि नातवाने ही दोन कर्जे एकाच तोंडाने समर्थनीय ठरवू नयेत.

वय आणि पिढी यांत आणखी एक गल्लत होते. फ्रँको मोदिल्यानी या अर्थशास्त्रज्ञाने सहकाऱ्यासह १९५४ साली मांडले की माणूस तारुण्यात कर्ज घेतो, मध्यम वयात साठवितो आणि वार्धक्यात साठविलेले खर्च करतो. पुढे १९८५ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. या विचाराप्रमाणे आजचा उधळा तरुण पंधरा वर्षांनी आपोआप काटकसरी होईल. पुष्कळ अंशी होतोही. परंतु सर्वच काही वयाने ठरत नाही. उल्रिके माल्मेंडियर व स्टीफन नागेल यांनी २०११ साली अमेरिकेतील अनेक दशकांची माहिती तपासून दाखविले की ज्यांनी आयुष्यात शेअर बाजाराची पडझड अनुभवली, ते नंतर कित्येक वर्षे जोखीम घेण्यास कचरतात. अनुभवाचा तो ठसा हळूहळू फिका होतो, पण पुसला जात नाही. १९७२ पाहिलेल्या आजीने २०२० च्या टाळेबंदीतही कोठीत सहा महिन्यांचे धान्य ठेवलेले होते, आणि त्या वेळी प्रथमच घरातील कोणी तिला हसले नाही.

याउलट प्रत्येक नवी पिढी अधिक उपभोगी असते असेही नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांचे घराणे सावकारी आणि कापसाच्या व्यापारातील. १८८२ साली जन्मलेल्या या मुलाने घरची सुरक्षित पेढी सोडून रेल्वेची कंत्राटे घेतली, १९१९ साली सिंदिया जहाज कंपनी उभारण्यात पुढाकार घेतला, १९४० साली बंगळूरला विमानाचा आणि १९४४ साली मोटारीचा उद्योग आरंभिला. व्याजाने पैसे देणाऱ्या घराण्यात भांडवल उसने घेऊन कारखाने काढणारा पुरुष निपजला. त्या काळी पेठेतील ज्येष्ठांना ते शहाणपणाचे वाटले असेल, असे मानण्याचे काही कारण दिसत नाही.

या प्रश्नाचा विचार आपल्या परंपरेने फार पूर्वी केलेला आहे. बाराव्या शतकातील आचार्य हेमचंद्र यांच्या योगशास्त्रावरील स्वोपज्ञ टीकेत, उत्पन्नाच्या मानाने व्यय करणे हा सद्गृहस्थाचा गुण सांगताना, उत्पन्नाचे चार भाग करण्याची रीत आली आहे : एक भाग ठेव म्हणून राखावा, एक व्यापारात वाढीस लावावा, एक धर्म आणि स्वतःचा उपभोग यांसाठी, आणि एक आश्रितांच्या पोषणासाठी. या विभागणीत दोन गोष्टी विशेष लक्षात येतात. ठेव आणि गुंतवणूक ही दोन स्वतंत्र खाती मानली आहेत. म्हणजे आजोबांचे सोने आणि नातवाची एसआयपी यांत निवड करण्याचे कारणच नाही, दोहोंना जागा आहे. आणि उपभोगाला धर्माच्या शेजारी, एकाच चतुर्थांशात बसविले आहे. एकाने दुसऱ्याची जागा किती व्यापावी हे गृहस्थाने ठरवायचे. परिग्रहपरिमाण व्रत तर आणखी वेगळा प्रश्न विचारते. खर्चावे की साठवावे हा वाद तेथे गौण आहे. मर्यादा आधी ठरलेली असावी एवढेच ते मागते. खर्चाला मर्यादा घालणारे ज्येष्ठ पुष्कळ भेटतात. संचयाला मर्यादा घालणारे विरळाच.

या सर्व वादात घरातील गृहिणीला कोणी विचारीत नाही. तिची बचत कोणत्याच वहीत नसते. डाळीच्या डब्याच्या तळाशी, पाटाखाली, देव्हाऱ्यामागे, भिशीत. नवऱ्याच्या काटकसरीला आणि मुलाच्या उधळपट्टीला दोघांनाही न कळू देता तिने ती जमविलेली असते. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि ही गुप्त बचत एका रात्रीत उघडी पडली. कित्येक घरांत मुलांना प्रथमच कळले की आपल्या परीक्षेचे शुल्क, बहिणीच्या बाळंतपणाचा खर्च, वडिलांच्या दुखण्यातील रात्रीची रिक्षा हे सारे कोठून येत होते. पैसे बँकेत भरता आले. परंतु त्यानंतर ते तिचे राहिले नाहीत, घराचे झाले. या हानीची मोजदाद कोणत्याही अहवालात नाही.

सज्जनहो, पिढ्यांमधील या अबोल्याची किंमत मात्र एका ठिकाणी रुपयांत मोजली गेली आहे. दहा वर्षे ज्या ठेवींवर कोणी हक्क सांगत नाही, त्या बँकांना रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत वर्ग कराव्या लागतात. हा निधी २०१४ साली स्थापन झाला. मार्च २०२४ अखेर त्यातील रक्कम ७८,२१३ कोटी रुपये झाली होती. अशा ठेवींचा शोध घेता यावा म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू करण्यात आले, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीवर चौघांपर्यंत वारसांची नावे नोंदविण्याची सोय झाली. या रकमेतील काही भाग मोठ्या संस्थांचा असेल; पण काही भाग निश्चितच अशा वडिलांचा आहे ज्यांनी चाळीस वर्षे स्वतःच्या चपलेचा अंगठा शिवून घेतला आणि मुलाला सांगितले नाही, कारण सांगितले तर तो खर्च करील. मुलानेही विचारले नाही, कारण विचारले तर ते म्हणतील, याचा डोळा पैशावर आहे.

अशी एखादी पावती पुढे कधी तरी कपाटाच्या खणात, जुन्या पंचांगांखाली सापडते. वारसाच्या रकान्यात १९८८ साली लिहिलेले नाव पत्नीचे असते, आणि ती जाऊन पंधरा वर्षे झालेली असतात. ते नाव बदलण्याचा अर्ज एका पानाचा आहे.